सात नंबरच्या हॉलचा फळा

तिचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर लावायची गरज नव्हती. ती उठून बसली की दोन्ही गुडघे एकापाठोपाठ वाजायचे आणि शेजारी झोपलेला नवरा डोळे न उघडता म्हणायचा, "झाले का पावणेपाच?"

नवरा घरांना रंग द्यायचा. त्याचं काम नऊला सुरू व्हायचं, पण चहा तोच करायचा. "तू आयुष्यभर दुसऱ्यांचं पुसतेस, निदान चहा तरी आयता पी," म्हणायचा. चहा गोड व्हायचा, फार गोड. तिनं तक्रार केली नाही. आयत्या चहाला नावं ठेवू नयेत, एवढं तिला कळत होतं.

साडेपाचला ती घराबाहेर पडायची. सहाला विद्यापीठाच्या मागच्या फाटकातून आत. निळा डगला चढवायचा, चौकीतून चाव्यांचा जुडगा घ्यायचा, दोन बादल्या भरायच्या आणि जिना चढायचा. तिसऱ्या मजल्यावरचे अकरा हॉल तिचे. अकरा हॉल म्हणजे अकरा फळे. आठच्या पहिल्या तासाआधी सगळे पुसलेले आणि वाळलेले हवेत.

फळा पुसणं हे काही काम नव्हे असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा पुसून बघावं. आधी कोरडा डस्टर, वरून खाली, सरळ. गोल फिरवला की धूळ फळ्यावरच फेर धरते. मग ओलं फडकं, दोनदा पिळलेलं. एकदा पिळलं तर पाणी ओघळतं आणि दोन तासांनी पांढरे ओघळ उमटतात. त्यावर लगेच सुकं फडकं. तीन फळे झाले की बादलीतलं पाणी बदलायचं. ओल्या फळ्यावर खडू उमटत नाही आणि खडू उमटला नाही की प्राध्यापक मुलांवर चिडतात. म्हणजे सकाळी सातला कुणी हात राखला तर त्याचं फळ आठला दुसराच कुणी भोगतो. ती हात राखत नसे.

त्या विद्यापीठात फळ्यांचा एक रिवाज होता. जे पुसायचं नाही त्याभोवती चौकट काढायची आणि चौकटीच्या कोपऱ्यात लिहायचं, 'राहू दे'. चौकट असेल तर तिच्या आतला ठिपकासुद्धा हलत नसे. चौकट नसेल तर कुलगुरूंनी लिहिलेलं असलं तरी पुसलं जायचं. हा रिवाज कुठल्या वहीत लिहिलेला नव्हता. तरी वीस वर्षं त्यात कधी चूक झाली नव्हती, कारण तो सांभाळणारी ती होती.

आणि एक रिवाज तिचा स्वतःचा होता. वाचल्याशिवाय पुसायचं नाही.

शाळा चौथीत सुटली होती. अक्षर ओळखता यायचं, पण ओळ वाचायला श्वास लागायचा. सुरुवातीला ती फळ्यावरचे फक्त मथळे वाचायची. मग ओळी. मग पूर्ण फळा. लोखंड का गंजतं, कोणता राजा कुणाशी का लढला, पूल कशामुळे पडतात, हे सगळं तिला पुसता पुसता कळत गेलं. मागणी वाढली की भाव वाढतो, हे तिला बाजारात आधीच कळलं होतं, फळ्यावर फक्त त्याची आकृती मिळाली. बाकीच्या बायका तिला मास्तरीण म्हणायच्या. त्यांत सगळ्यात पुढे तिची धाकटी जाऊ. ती त्याच मजल्यावर जिने आणि संडास सांभाळायची.

"मास्तरीणबाई, आज काय शिकवलं भिंतीनं?"

"पृथ्वी फिरते म्हणे."

"फिरत असेल. तरीच माझा जिना संपत नाही."

आता तिच्या गुडघ्यांचं. हॉलमध्ये साठ-साठ बाकं. पण सफाईच्या माणसानं बाकावर बसायचं नाही, असा मुकादमाचा नियम. मुकादम ठेकेदाराचा माणूस. पोटानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा, मनानं वाईट नव्हे, पण नियम म्हटला की त्याचा चेहरा कुलपासारखा व्हायचा. ती एकदा, फक्त एकदा, सात नंबरच्या हॉलमध्ये तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला टेकली होती. तेवढ्यात मुकादम दारात. अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. मजुरीचं दुःख चार दिवसांत विरलं. पण साठ रिकाम्या बाकांसमोर "ऊठ" म्हटलेलं तिच्या कानातून गेलं नाही. त्यानंतर ती कधीच टेकली नाही. दुपारचा डबा जिन्याखाली, उलट्या बादलीवर. बादली बसायला बुटकी. उठताना भिंतीला धरावं लागे.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती तेव्हा सरकारचं ते धोरण आलं. प्रत्येक विद्यापीठानं सगळ्या मुलांना मानवी हक्क हा विषय शिकवायचा. शाखा कुठलीही असो, तीस तासांचा अभ्यासक्रम, त्याला गुण, आणि नुसतं पुस्तक नाही. मुलांनी आपल्याच आवारात फिरून एखादा हक्क खरोखर पाळला जातो का, ते शोधून मांडायचं. कसं चाललंय ते बघायला वर्षाच्या शेवटी समिती येणार.

विद्यापीठाला धोरणाचं काय वाटलं ते तिला ठाऊक नाही. तिला एवढंच दिसलं, की सात नंबरच्या हॉलमध्ये दुपारी नवा तास सुरू झाला आणि सकाळच्या फळ्यावर नवी अक्षरं दिसू लागली. शिकवणाऱ्या बाई तरुण, अक्षर टपोरं. बाकी विषयांच्या फळ्यांवर तिला निम्मं कळायचं नाही. हा फळा सगळाच कळायचा, हेच तिला आधी संशयाचं वाटलं. इतकं सोपं असेल तर विद्यापीठात कशाला शिकवतात?

एका सकाळी फळ्यावर लिहिलं होतं, 'हक्क मिळवावा लागत नाही. माणूस म्हणून जन्मला, एवढं पुरे.' तिनं ते दोनदा वाचलं. तिला पटलं नाही. आयुष्यात काहीही न मिळवता मिळालेलं तिला आठवेना, नवऱ्याच्या चहाशिवाय. तरी ते पुसताना डस्टर नेहमीपेक्षा हळू फिरला.

आणखी काही दिवसांनी लिहिलं होतं, 'विश्रांती हा हक्क आहे.'

जाऊ दारात झाडू टेकवून उभी. "काय गं, आज पुसवत नाही का?"

तिनं वाचून दाखवलं.

"अगं बाई! वाच, वाच. उभ्या उभ्या विश्रांती वाच," जाऊ म्हणाली आणि हसत हसत जिन्याकडे गेली.

ती पण हसली. पण त्या दिवशी बादलीवर बसताना ती ओळ डोक्यात होती. बसायला एक धड जागा. दोन वर्षं राहिली होती, म्हणजे तिच्यासाठी फार नाही. पण गुडघे काही निवृत्तीची वाट बघत थांबणार नव्हते. आणि जावेची तर अजून बारा वर्षं होती.

मग मुलांचं ते फिरणं सुरू झालं. एक चष्मेवाली मुलगी जिन्याखाली आली. हातात कागद. सफाई कामगारांच्या विश्रांतीची माहिती हवी म्हणाली. सगळ्या बायका एकदम कामाला लागल्या. कधी नव्हे ते कुणी आधीच घासलेली बादली पुन्हा घासायला घेतली.

"मला विचार," ती म्हणाली.

जावेनं कोपर मारलं. ती सरकली नाही.

"किती तास काम असतं, मावशी?"

"सही साडेसहाची. सुट्टी अडीचला."

"मध्ये विश्रांती?"

"डब्यापुरती."

"कुठं बसता?"

तिनं बादलीकडे बोट दाखवलं. मुलीनं आधी बादलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग खाली वाकून कागदावर लिहिलं. चष्मा घसरला तरी तिनं तो वर केला नाही.

मुलगी गेल्यावर जाऊ म्हणाली, "जिभेला हाड म्हणून नाही तुझ्या. उद्या त्या पोटल्याला कळलं तर वसतिगृहाच्या नाल्यांवर पाठवील."

"विचारलं ते सांगितलं. वाढवून सांगितलं का?"

"नाही."

"मग झालं तर."

मुकादमाला कळायचं ते कळलंच. तो ओरडला नाही, हेच वाईट. जिन्याखाली आला, बादली पायानं जराशी सरकवली आणि म्हणाला, "समिती येऊन जाऊ दे मास्तरीण, मग तुझा तास घेतो. तोवर सगळे फळे आरशासारखे पाहिजेत. एक रेघ दिसता कामा नये."

समिती यायच्या आदल्या संध्याकाळी चष्मेवाली आणि तिच्या मैत्रिणींनी सात नंबरच्या फळ्यावर आपण शोधलेलं सगळं मांडलं. वरपासून खालपर्यंत, या कडेपासून त्या कडेपर्यंत. इतकं दाट लिहिलं की चौकटीला जागाच उरली नाही. खाली पहारेकऱ्यानं किल्ल्या वाजवल्या, मुलींनी खडू टाकले आणि धावत खाली गेल्या.

सकाळी पावणेसातला ती त्या फळ्यासमोर उभी राहिली.

तेवीस ओळी. तिनं एकेक करून वाचल्या. कामगार किती, बायका किती, पिण्याचं पाणी कुठं, आजारी पडलं तर काय. चौदावी ओळ होती, 'बसण्याची जागा : जिन्याखाली, उलटी बादली.' तिची बादली फळ्यावर होती. जिथं राजे आणि पूल येऊन गेले तिथं तिची बादली. तिनं इकडे तिकडे पाहिलं, कुणी नव्हतं.

मग तिनं चौकट शोधली. चारही कोपरे बघितले. 'राहू दे' कुठं नाही.

आता कुणीही म्हणेल, बाई गं, ठेवायचं होतंस. तिच्याही मनात आलं. पण वीस वर्षांत तिनं एकदाही स्वतःच्या मनानं ठरवलं नव्हतं की हे राहावं, हे जावं. ठरवायचं ज्यानं लिहिलं त्यानं. आज आपली बादली आहे म्हणून ठेवलं, तर इतकी वर्षं दुसऱ्यांचं पुसलं ते कुठल्या तोंडानं? शिवाय आजचा हुकूम स्पष्ट होता. मुलींचं काम झालं असेल, दाखवून झालं असेल, असंही तिला वाटलं. किंवा तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

तिनं डस्टर उचलला. वरून खाली, सरळ. मग ओलं, मग सुकं. त्या दिवशीइतका स्वच्छ तो फळा कधी झाला नसेल.

साडेनऊला हॉलमधून कुणाचा तरी 'अगं आई गं' ऐकू आला. ती दारात गेली. चष्मेवाली फळ्यासमोर उभी, चष्मा हातात, डोळे लाल. शेजारी हक्कांच्या बाई. सगळी माहिती लिहिलेले कागद अहवालाबरोबर कार्यालयाच्या कपाटात बंद, आणि कपाटाची किल्ली असलेला कारकून अकराशिवाय उगवत नसे. समिती दहाला. तेव्हा फोटो काढणारे फोन खिशाखिशात आले नव्हते.

"मी पुसलं," ती म्हणाली. लपवून काही उपयोग नव्हता, आणि तिला लपवता येतही नव्हतं.

बाई वळल्या. "मावशी, चौकट नव्हती ना?"

"नव्हती."

बाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलीनं मान खाली घातली.

"मग चूक आमची," बाई म्हणाल्या. "पण आता काय दाखवायचं? त्यांना रिकामा फळा दिसणार, आणि इथले अधिकारी म्हणणार, इथं काही अडचणच नाही."

तिनं डगल्याला हात पुसले, कोरडेच होते तरी.

"मला येतं," ती म्हणाली.

"काय येतं?"

"फळा. वाचल्याशिवाय पुसत नाही मी."

वीस वर्षं त्या फळ्यावरचं सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं, पण खडू तिनं कधी धरला नव्हता. धरला तो फडक्यासारखा, मुठीत. मुलीनं बोटं नीट करून दिली. पहिली ओळ वाकडी गेली. ती थांबली, पुसली आणि पुन्हा लिहिली. वाकडं ठेवून पुढं जायची सवयच नव्हती. आणि सुरुवातीलाच तिनं चारही बाजूंना वीतभर जागा सोडली.

"मावशी, जागा का सोडताय? मावणार नाही," मुलगी म्हणाली.

"मावेल. अक्षर बारीक काढते. चौकट कुठं काढणार मग, भिंतीवर?"

मुलगी रडता रडता हसली.

आठव्या ओळीला ती थांबली. "इथं तुम्ही कामाचे आठ तास लिहिले होते."

"तुम्हीच सांगितलं होतं ना? साडेसहा ते अडीच?"

"ते सहीचं. सहाला चाव्या घेते, पाणी भरते. सहीची वही मुकादम साडेसहाला उघडतो. सुट्टीनंतर फडकी धुऊन वाळत घालायची, सव्वातीन होतात. सव्वानऊ तास. तू किती तास काम असतं ते विचारलंस आणि मी सहीचं सांगून बसले. माझं चुकलं." खडू हवेत. "होतं तसं लिहू की बरोबर लिहू?"

मुलीनं बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "बरोबर लिहा."

एकोणिसावी ओळ चालू होती तेव्हा समिती आत आली. पाच माणसं, पुढे एक वयस्क बाई, त्या अध्यक्षा. मागे विद्यापीठाचे अधिकारी, त्यांच्या मागे मुकादम. त्यानं तिच्या हातात खडू पाहिला आणि तिला डोळ्यांनी, हातांनी, शेवटी अख्ख्या पोटानं बाहेर यायची खूण केली.

"तुम्ही कोण?" अध्यक्षाबाईंनी विचारलं.

"फळे पुसते."

"आणि लिहिता?"

"आज पहिल्यांदाच."

हक्कांच्या बाईंनी थोडक्यात घडलेलं सांगितलं. अध्यक्षाबाई पुढं आल्या, फळा वाचू लागल्या. चौदाव्या ओळीशी थांबल्या. मग तिच्या पायांकडे त्यांचं लक्ष गेलं असावं. लिहिताना ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत होती.

"अहो, बसा ना तुम्ही. हे काय, समोरच बाक आहे."

"बसायची परवानगी नाही."

तिनं तक्रार केली नव्हती. विचारलं त्याचं उत्तर दिलं होतं.

"कुणाची परवानगी?"

तिनं नाव घेतलं नाही. पण आपसूक सगळ्यांची तोंडं मुकादमाकडे वळली. मुकादमानं छताकडे पाहिलं, जणू नियम तिथं लिहिला होता.

"तसं लेखी काही नाही, मॅडम," तो म्हणाला. त्याचा आवाज एवढा बारीक होऊ शकतो, हे तिला त्या दिवशी कळलं. "पद्धत आहे."

"मग ती पद्धत आत्ता मोडा. बसा, मावशी."

साठ बाकं तशीच होती. तिसऱ्या बाकाचं भिंतीकडचं टोक तिला लिहिता लिहिताही दिसत होतं. गुडघे म्हणत होते, बस.

"चार ओळी राहिल्यात," ती म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

समिती उभी राहिली, अधिकारी उभे राहिले, मुकादम उभा राहिला. तिनं चार ओळी लिहिल्या. मग सोडलेल्या जागेतून चौकट काढली, चारही बाजू सरळ, आणि कोपऱ्यात लिहिलं, 'राहू दे'. खडू जागेवर ठेवला, बादली उचलली आणि बाहेर गेली. आठ नंबरचा हॉल अजून झाडायचा होता.

तो फळा तीन आठवडे राहिला. त्या हॉलचे बाकीचे तास दुसरीकडे घ्यावे लागले. रोज सकाळी ती त्याच्या कडेनं, चौकटीबाहेरची वीतभर जागा तेवढी पुसायची.

समितीनं काय लिहिलं ते पुढच्या वर्षी कळलं. कामगारांसाठी प्रत्येक मजल्यावर एक खोली, तीत बाकं. कागद आठ महिने हिंडला, पण खोली झाली. जाऊ पहिल्या दिवशी बाकावर आडवी झाली आणि म्हणाली, "मास्तरीण, तुझ्या जिभेला हाड नाही ते बरंच आहे गं." मुकादमानं तिचा तास काही घेतला नाही. उलट खोलीच्या दारातून जाताना हमखास ओरडायचा, "बसलात का? बसा, बसा!" जणू बाकं त्यानंच घडवली होती. ती त्याला नाही म्हणायची नाही. माणसाला सुधारायला तेवढी जागा द्यावी.

समितीनं आणखी एक ओळ लिहिली होती. हा अभ्यासक्रम विद्यापीठात काम करणाऱ्या कुणालाही खुला असावा, शिक्षणाची अट नको. ती ओळ धोरणात गेली. सूचनाफलकावर कागद लागला. येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. तिनं वाचला. नोकरीत असतानाच नाव नोंदवावं लागणार होतं.

तिचा शेवटचा पगार झाला त्या दिवशी ती फीच्या खिडकीशी गेली.

"कुणाची फी?" आतला माणूस मान वर न करता म्हणाला. "मुलगी की नात?"

"मी."

त्यानं मान वर केली.

घरी नवऱ्यानं पावती उलटसुलट करून बघितली. "या वयात शिकून काय करणार आहेस?"

"बसणार आहे," ती म्हणाली.

नवरा हसला. पहिल्या तासाच्या दिवशी त्यानं चहा केला. नेहमीसारखाच गोड. तास दुपारचा होता, तरी ती पावणेपाचला उठलीच.

सात नंबरच्या हॉलमध्ये मुलं येऊन बसत होती. फळ्यावर पांढरे ओघळ दिसत होते. फडकं एकदाच पिळलं होतं. फळे आता जावेकडे होते, तिला सांगायला हवं. ती उठणार, एवढ्यात बाई आत आल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि हातानंच खूण केली, बसा.

ती बसली. शेवटच्या पगारातून फी गेली होती, एक वही आली होती, आणि तिसऱ्या बाकावरची भिंतीकडची जागा तीस तासांपुरती तिची झाली होती.